उजवी पाकळी

तांबळडेगच्या पावणाईला
डॉलर कळत नाही, हे मी धीरजला आधीच सांगितलं.
शुक्रवार कळतो. अमावास्या कळते.
गाय हरवली तर कुठल्या अंगाला गेली, तेही कळतं.
"तेवढा पुरे," तो म्हणाला,
"शुक्रवारपर्यंत चडतला काय नाय, येवढाच इचार."

सारंगांचा पोर. गोव्याच्या हॉटेलातून परतलेला.
बापाच्या होडीचं यंत्र विकून त्याने नाणं घेतलं होतं,
म्हणजे नाण्याचा
शून्य पूर्णांक शून्य शून्य काहीतरी तुकडा.
दाखव म्हटलं, तर मोबाइल दाखवला:
हिरव्या-लाल काड्या,
रापण ओढून झाल्यावर वाळूत तशाच राहिलेल्या काठ्यांसारख्या.
"हिचं शेपूट बघ, गुरवकाका, लांब आहे. म्हणजे उद्या उसळी."
त्याचा बापही असाच बोलायचा, होडीच्या नाळेवर उभा राहून:
पाणी तांबूस, म्हणजे तारली.
निम्म्या वेळा खरं निघायचं.
उरलेल्या वेळा तो जाळं शिवत बसायचा.

आता बाप एवढंच म्हणतो,
"पैशाक म्हावऱ्याचो वास येवक होयो."

मी हसलो नाही.
माझ्या आज्याने पौषात, नुसत्या मोहोरावर
बाग दिली होती मुंबईच्या दलालाला.
आंबा अजून वासातच होता
आणि त्याच्या पैशांची घरावर कौलं चढली.
त्या वर्षी तुडतुडा आला, मोहोर काळा पडला.
दलाल परत दिसला नाही.
कौलं आहेत अजून. चार फुटली, बाकी आहेत.

तर मी पाषाणाला पाणी घातलं.
उजव्या खांद्यावर तीन पाकळ्या, डाव्यावर तीन.
ओली पाकळी दगडाला धरून राहते, सुकली की सुटते.
बोटावर किती पाणी घ्यायचं,
ते ज्याला कळतं तो गुरव.
माझं बोट उजवीकडे किंचित कोरडं राहिलं.
हे मी पहिल्यांदाच सांगतोय.

कारण त्याच मोबाइलात
माझेही वीस हजार होते. जत्रेतल्या माझ्या वाट्याचे.
शालनला ठाऊक नाही.

गाऱ्हाणं घातलं.
"बा देवी म्हाराजा, ह्या लेकराच्या मनात जा काय इला हा..."
"व्हय म्हाराजा," धीरज म्हणाला. एकटाच.
गाऱ्हाण्याला एकच आवाज बरा वाटत नाही.
मग आम्ही दोघं थांबलो.
खाडीकडून वारा. बाहेर कुत्रं.
त्याचा अंगठा काचेवर, सवयीने, वर-खाली.

आणि दानपेटीशेजारचा तो डबा एकदम ओरडला:
अकरा रुपये प्राप्त झाले!

अकरा रुपये त्यानेच पाठवले होते, तिथेच बसून.
आम्ही दोघांनीही मान वळवली
आणि परत बघतो तो
उजवी पाकळी खाली.

देवीने टाकली, डब्याने हादरवली,
की माझ्या बोटाने.
मी म्हटलं, "उजवी दिली."
तो पाया पडला. माझ्यासुद्धा.

आणि चढलं ना!
गुरुवारी रात्री त्याने मला उठवून दाखवलं,
होडीचं यंत्र आणि वर नवीन जाळं होईल एवढं.
"विकतोस?" मी विचारलं.
म्हणाला, "शुक्रवार अजून आहे."
शुक्रवारी पहाटे ते उतरायला लागलं
आणि कुठे थांबायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
चढेल का, एवढंच आम्ही विचारलं होतं.

धीरज आता मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेतो.
मजुरी मोबाइलावर येते. काड्यांकडे बघत नाही म्हणतो.
सारंग भाड्याच्या यंत्रावर जातो. परवा आला,
"कौल लाव, बांगडो गावतलो काय?"
मी सांगितलं, आज पाळी माझ्या भावाची.
पाळी माझीच होती.

वीस हजारांचे तीन हजार एकशे चाळीस झालेत.
काल तीन हजार दोनशे होते.
बघतो रोज,
देवीच्या आंघोळीआधी,
हात ओले करण्याआधी.