सहा बाय दोन

सहमच्या सईदने फोनवर गाडीचं माप सांगितलं:
लांबी सहा मीटर, रुंदी दोनला जरा जास्त.
विजयेंद्रने सोफा भिंतीला सरकवला
आणि निळी चिकटपट्टी घेऊन
हॉलच्या फरशीवर गाडी काढली.
इथे मुलांचे बंक, इथे ओटा, इथे पाण्याची टाकी.
इथे दार.
दारापुरती पट्टी सोडून दिली.

बाहेर सोहार. संध्याकाळचे सात, तरी एक्केचाळीस डिग्री.
खजुरीसुद्धा कंटाळलेल्या.

अकरा उन्हाळे सुट्टी म्हणजे विमानाचं तिकीट.
मग मावशा, आत्या, चुलत दीर,
प्रत्येकाकडे वाटीभर आम्रखंड
आणि 'किती वाळलीस गं'.
या वर्षी मामंजीच इकडे आलेत,
व्हिसा जुलैअखेरपर्यंत.
तेव्हा कुणीतरी बोलून गेलं, बहुतेक मीच,
की आपल्या ओळखीतलं कुणीही गेलेलं नाही
अशा ठिकाणी जाऊ.

इरा नकाशावर ओणवी.
तिला अशीच गावं हवीत
ज्यांचा जगात एकच फोटो आहे, तोही तिरका.
निनादला गुलाबी पाणी हवंय, दुकमच्या खाली कुठेसं असलेलं.
मी भाजणीचा डबा, कूलर, दोरी, ओआरएस
असं लिहीत सुटले,
आणि खाली, उगाच, 'मनःशांती' लिहून खोडलं.

मामंजी एकतीस वर्षं एस.टी.त. उदगीर डेपो.
इथलं लायसन नाही, म्हणून ते फक्त विचारतात.
डिझेल कुठं कुठं मिळतं?
वाटेत उंट बसतात का उभे राहतात?
मुक्काम कुठं?
इराने बोट ठेवलं: शुवैमिया.
एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र,
आणि पुढे रस्ताच नाही, आजोबा.
मामंजींचा चेहरा पहिल्यांदा उजळला.
त्यांची अर्धी नोकरी मुक्कामी गाडीवर गेलेली,
शेवटच्या गावात, पारापाशी, सीटवर झोपून.
म्हणाले, "रस्ता संपला की गाडी लावायची,
पण तोंड परतीकडं करून.
पहाटं अंधारात वळवायची कटकट नको."
विजयेंद्रने ते वहीत लिहून घेतलं.
तो एरवी काही लिहून घेत नाही.

मग तालीम.
नियम निनादचा: झोपेपर्यंत पट्टीबाहेर पाय नाही.
पाच माणसं, पिठलं, भाकरी,
एकाचा गुडघा दुसऱ्याच्या ताटात.
कांदा ओट्यावर राहिला, खऱ्या ओट्यावर,
म्हणजे आता भर समुद्रात. राहू दे म्हटलं.
तेवढ्यात टेबलावर विजयेंद्रचा फोन वाजला, प्लांटवरून.
तो अर्धवट उठला,
पट्टीपाशी थबकला, आणि बसला.
फोन पाण्यात वाजत राहिला
आणि आम्ही सगळे वाकून बघत होतो
बुडतोय का ते.

कंत्राटाचं पत्र ऑगस्टमध्ये येणार.
नियोजनाच्या वहीत त्यासाठी रकाना नाही.
इराने सगळे रकाने रंगवलेत.

रात्री तहान लागून उठले.
स्वयंपाकघरात जायचं तर गाडी आडवी.
ओलांडायला एक पाऊल पुरलं असतं,
पण मी वळसा घातला,
दाराच्या फटीतून आत आले.
पुढे, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मामंजी जागे,
बंद पडद्याकडे तोंड करून,
उजवा पाय फरशीवर हलका दाबलेला.
मागे न वळता विचारलं,
"उतरायचंय का?"

ग्लास तिकडे, टाकी तिकडे, घसा कोरडा.
मी बंकच्या जागी मांडी घालून बसले.
म्हटलं, नाही,
चालू द्या.