खाल्ल्या मिठाला

योकोतेच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो त्या घरात
तोकुजी राहतो. वय एक्क्याऐंशी.
छपरावरून घसरलेला बर्फ खिडकीच्या गळ्याशी आलाय,
आत दुपारी दोनलाच दिवा.

मी आरोग्यकेंद्राची बाई.
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, वही,
आणि पेनाएवढा मीटर,
ज्याचं टोक वाटीत बुडवलं
की तो सुपाची चुगली करतो.
एक पॉइंट आठ.
"असू दे," तोकुजी म्हणतो, "गरम आहे तोवर पी."

त्याची तक्रार निराळीच.
झोप नाही. रात्री तीनला उठून
भिंतीला टेकलेल्या फावड्याशी भांडतो.
बोटांच्या टोकांना मुंग्या, अख्खं वारूळ.
परवा रेडिओ अंगणात भिरकावला,
हवामान सांगणारी बाई हसली म्हणून.
मग गुडघाभर बर्फात उकरत बसला,
रेडिओ शोधत होता की ते हसणं,
त्यालाही सांगता येईना.

मला शिकवलंय ते असं:
मज्जातंतूला बारीक बारीक दारं असतात.
दार उघडतं, सोडियम आत घुसतं,
निरोप पुढे सरकतो.
बोट भाजलं. कुणी आलं. पुरे आता.
म्हणजे मिठावाचून
'पुरे' हा शब्दसुद्धा डोक्यापर्यंत पोचायचा नाही.

आणि मीठ फार झालं तर?
उंदरांना खारं चारलं,
ते दचकू लागले, वाट विसरू लागले,
असं वाचलंय कुठेसं.
माणसांचं अजून नक्की नाही.
रक्तदाबाचं नक्की, त्या खालच्या सगळ्याचं कदाचित.
माझ्या वहीत 'कदाचित'ला जागा नाही,
नुसते चौकोन आहेत, हो आणि नाहीचे.

मागच्या खोलीत पिंप आहे.
किनुयोनं चुलीवर धुरवून मुरत घातलेले मुळे,
गेल्या हिवाळ्यातले. बर्फ वितळायच्या आत ती गेली.
मीठ ती मुठीनं मोजायची,
आणि हात तिचा सढळ.
वरचा दगड उजवीकडे कललेला.
तोकुजी रोज तो उचलतो, सात चकत्या काढतो,
आणि पुन्हा तसाच, उजवीकडे कलता ठेवतो.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हा माणूस खरोखरच जागतोय,
दहा महिने,
उशाशी घड्याळ, पायाशी थंड शेगडी.

मी 'फेकून द्या' म्हणायला आले होते.
तसं छापील पत्रकही होतं, लाल अक्षरात.
ते काढलंच नाही.
म्हटलं, खाण्याआधी चकत्या पाण्यात घाला,
रात्रभर. सात नको, तीन.
आणि आपल्या डॉक्टरांना बोटं दाखवा,
सगळा दोष मुळ्यांवर नको घालायला.

तो बराच वेळ पिंपाकडे बघत राहिला.
"मग त्या पाण्याचं काय करायचं?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

घाटाखाली गाडी थांबवून
मी डब्यातले नूडल्स खाल्ले, वरचं सूप
शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.
मीटर पिशवीत होता. तिथेच राहू दिला.

तीन आठवड्यांनी परत गेले.
सगळीकडे कमरेइतका बर्फ,
फक्त त्याच्या उंबऱ्यापुढे
एक काळा ओला पट्टा, जेमतेम माणूसभर रुंद,
फाटकाकडे निघालेला, अर्ध्यावर थांबलेला.
रोज सकाळी तो ते पाणी तिथे ओतत होता.

"झोप?" मी विचारलं.
"काल चार तास. परवा नाही."
सूप एक पॉइंट तीन.
मुंग्या आहेत. फावडं जागेवर आहे.
रेडिओ सापडला, पण लावलेला नाही.

वही उघडून मी पेन टेकवलं, कुठल्या चौकोनात ते कळेना.
तोवर त्यानं माझ्यापुढे बशी सरकवली,
तीन चकत्या, धुराच्या रंगाच्या.
मी एक उचलली.
जवळजवळ अळणी होती.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता.
"तिचीच आहे ना?"