अर्थिंग

आधी तर काहीच नव्हतं.
गेमचा डबा इकडं, कॉम्प्युटर तिकडं,
मध्ये काडेपेटीएवढं कॅप्चर कार्ड,
मुबीननं नांदेडहून आणून दिलेलं, पैसे अजून द्यायचेत.
चित्र आलं. घोडा पळाला, धूळ उडाली,
आवाजाचे हिरवे पट्टे नाचायला लागले
आणि खोलीत चिटपाखरू नाही.

म्हणजे आवाज पोचत होता, नोंदलाही जात होता,
फक्त मला ऐकू येत नव्हता.
सेटिंगच्या पार आतल्या खोलीत
एक रिकामा चौकोन सापडला. त्यात टिचकी मारली
आणि हेडफोनमध्ये शिरली
घूं.

भुंगा लाकूड पोखरतो तशी. घोड्याच्या टापांखाली घूं,
गोळीच्या आधी घूं, गोळीनंतर घूं.
वायर बदलली, भोक बदललं,
मुबीनला फोन लावला, तो म्हणाला रिस्टार्ट मार.
शेवटी कूलर बंद केला.
मे महिन्यात, परभणीत, दुपारी दोनला
कूलर बंद केला. यावरून समजा.

बाबा दारात आले. ‘काय करायलीस माय, उकडंना का तुला?’
मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. उजव्या.
डावा कान त्यांनी खात्यालाच देऊन टाकलाय,
एकतीस वर्षं खांबावर चढून.
डोळे मिटून ऐकलं, मान हलवली,
‘ही तर डीपी. न्यूट्रल ढिला असला की अश्शीच घुमते.’
आणि मग, ‘पन्नास.’
हर्ट्झ नाही, काही नाही. नुसतं पन्नास,
रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर
नाव घ्यावं तसं.

न्हाणीच्या मागं, भिंतीला लागून,
पाइपाचं तोंड मातीत रुतलेलं.
भोवती भेगा, करंगळी जाईल एवढ्या.
‘पाणी कधी पाजलंत ह्याला?’
कुणीच नव्हतं पाजलं. नळ अकराव्या दिवशी,
खड्ड्याची आठवण कुणाला.

दोन किलो जाडं मीठ, इस्त्रीवाल्या बळीरामकडचा कोळसा,
आणि कूलरच्या टाकीतलं कालचं पाणी.
मी ओतत होते, जमीन ओढून घेत होती
घोट घोट, अगदी आवाज करत,
आणि बाबा उकिडवे, उजवा कान मातीकडं करून.
‘येऊ दे. अजून येऊ दे.’
आई म्हणाली, धुणं राहिलंय माझं.
तिचं बाबांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

रात्री परत लावलं.
घूं गेली. अगदीच गेली असं नाही,
तळाला आहे अजून, मुंगीएवढी.
पण बुटाखाली खडी वाजते, हे पहिल्यांदा कळलं.
सहा महिने त्या वाटेनं जातेय,
तिथं खडी आहे हेच ठाऊक नव्हतं.
आणि टेकडीपल्याड कुणीतरी
कुत्र्याला हाका मारतंय, परक्या भाषेत, कंटाळून.

आवाज चित्राच्या जरा मागं राहतो.
दार आपटतं, मग धाड.
आकडा टाकला की जुळतं ते, मी टाकणारच होते,
बाबा म्हणाले, राहू दे.
‘खांबावरून हाक दिली की शेषेराव असाच
दमानं मान वर करायचा.’

शेषेराव कोण, मी विचारलं.
पण मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते.

रेकॉर्डिंग तेव्हा चालूच होतं.
नंतर लावून बघितलं: खडी आहे, कुत्रा आहे, माझा प्रश्न आहे.
पुढं गेमचे पट्टे नाचत राहतात
आणि त्यांच्या खाली माइकचा पट्टा
आडवा पडलेला, कितीतरी वेळ.
मध्ये एकदा हलतो जरासा.
कूलर असेल.