जाड तार

नव्या तारा पहिले आठ दिवस भांड्यांसारख्या बोलतात,
नुकत्या घासलेल्या, स्टीलच्या.
इनासला ते आवडत नसे.
"कोवळ्या आहेत," म्हणायचा, "शिकतील गप्प बसायला."

मनामा, गुदैबियाची मागची गल्ली, तिसरा मजला.
मी चिलरवर दिवसपाळीला,
तो हॉटेलच्या तळघरात, रात्री नऊ ते दोन,
बँडमध्ये बेस असा वाजवायचा
की वाजवतोय हे कुणाला कळू नये.
लोक नाचत.
कशावर नाचतोय, ते बघायला कोण थांबतं?

ऑगस्टात दार उघडलं की चष्म्यावर धुकं
आणि तारेवर मीठ.
घामाचं थोडं, समुद्राचं थोडं,
वेटोळ्यांच्या फटीत जाऊन बसतं,
मग एके रात्री तार नुसती ठक् म्हणते.
सूर नाही, लाकूड.

माझ्या डाळीच्या पातेल्यात
तो तारा उकळायचा, अर्धी बाटली व्हिनेगर ओतून.
पाण्यावर राखाडी तवंग.
"बघ, किती गाणी निघाली."
(त्या आठवड्यात डाळ आंबट लागायची.)
चार दिवस चकाकायच्या,
मग आधीपेक्षा लवकर मरायच्या.

पगार झाला की तीन बदलायचा.
चौथी, सगळ्यांत जाड, कधीच नाही.
ती वसईहून आलेली, सपाट पट्टी गुंडाळलेली,
अकरा वर्षं त्याच बोटांखाली काळवंडलेली.
तिच्यातलं वरचं सगळं झडून गेलं होतं.
उरलं होतं ते
कानाला कमी, बरगडीला जास्त.

एकदा पहाटे त्याने तिसऱ्या पट्टीवर बोट दाबून ती छेडली.
"ऐक. तुझा एसी हाच सूर धरतो. केसभर चढा."
वीस वर्षं मी कॉम्प्रेसर उघडतोय, गॅस भरतोय,
आवाज आला की तक्रार लिहून घेतोय.
सूर म्हणून कुणी काही दाखवलं नव्हतं.

बार बंद झाला. व्हिसा संपला.
विमानात लाकूड वाकू नये म्हणून
त्याने तारा सैल केल्या, एकेक खुंटी, अर्धा अर्धा फेर.
जाडीची पाळी आली तेव्हा ती
खुंटीपाशी, वाकलेल्या जागीच, तुटली.
वाजली नाही.
त्याने वेटोळं करून माझ्या हातात दिली,
"तुला कामाला येईल," एवढंच.

आली.
गच्चीकडच्या नळीला पाणी ठिबकतं तिथे
मी तिने ब्रॅकेट बांधलंय.
या हवेत खिळे वर्षभर टिकत नाहीत.
रात्री एसी चालू केला की
तिथे बोट लावून बघतो.
अजून चढाच आहे.