नमुना क्रमांक चौदा

फर्मागुडीच्या पठारावर, प्रयोगशाळेच्या मागल्या खोलीत
आर्द्रतामापकाचा काटा एक्याऐंशीवर.
बोस्त्यांव मान हलवतो:
“आज ॲल्युमिनियम पाणी पिणार, बाई.”

पदेराचा मुलगा तो. राशोलला बापाची भट्टी होती.
चिमूटभर पीठ आत भिरकावून
ते किती वेळात करपतं, त्यावरून बाप ताप सांगायचा.
इथे थर्मोकपल आहे. तरी हा
झाकण किलकिलं करून आधी डोळ्यांनी बघतो
आणि मगच आकडा वाचतो,
आकड्याची चूक काढायला.

ॲल्युमिनाच्या पांढऱ्या तंतूंची वडी
हातात कापसाएवढी हलकी,
मनगटावर मात्र खाजकुयली.
रात्री जेवतानाही मी खाजवत असते.
आई म्हणते, कसलं मेलं हे संशोधन.

सातशे साठ अंश.
मॅग्नेशियम थोडं, कारण हा धातू
सिरॅमिकला सहजी भिजवत नाही,
मुठेल चोपडलेल्या टाचेवरून पाणी ओघळावं
तसा नुसता ओघळून जातो.
दट्ट्या उतरतो. नव्वद सेकंद
कुणीच बोलत नाही.

आधीचे तेरा वहीत आहेत:
बुडबुडे. बुडबुडे. वडी चेपली. वीज गेली.
सहावा इतका घट्ट बांधला गेला
की काचेसारखा तडकला,
एकाही तंतूला सुटायला जागा नव्हती.
नववा सैल, ताणताच तंतू उपसून आले
जुन्या केरसुणीचे हीर यावेत तसे.
या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी
मला हवं ते आहे, आणि माझी शिष्यवृत्ती
मार्चमध्ये संपते.

गुरुवारी चौदावा यंत्रात धरला.
पडद्यावर रेघ चढली, चढत राहिली,
किंचित कलली.
आतून बारीक टकटक.
तंतू एकेक करून जात होते.
बोस्त्यांवने कान जवळ नेला:
“पाव निवताना असाच बोलतो.”

मग तुटला. पकडीतच.
मधल्या निरुंद भागावर ओरखडाही नाही.
नियमाप्रमाणे अग्राह्य. आकडा धरायचा नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेलं तोंड पाहिलं:
काही तंतू निसटलेले, काही धातूनं धरून ठेवलेले,
हवे होते तसेच,
नको त्या जागी.

वहीत मी ‘अग्राह्य’ लिहिलं.
वर आलेलं बळ पेन्सिलीनं, समासात.

बोस्त्यांवने विचारलं नाही काही.
पुढची वडी सुकवणभट्टीत सरकवली,
दार लावलं, बोटांची राख पँटला पुसली
आणि खिडकीच्या फटीत जुना ‘पाना’ घालता घालता
बाहेरच्या दमट अंधाराला म्हणाला,
“तू उद्या जरा उशिरा ये.”