बारावी पॉलिसी

राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर,
पुण्याच्या सरांनी पहिल्याच दिवशी अडवलं:
'मी आलो' नाही हो मॅडम, 'मी आले' म्हणा.
बरं सर, म्हटलं. आणि बाकावर बसलो.

पंचवीस तास. हजेरीला अंगठा.
जोखीम कशाला म्हणतात, वारस कोण,
हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस किती.
सगळं पोळ्या लाटताना पाठ केलं,
चौथ्या धड्याला अजून पीठ चिकटलंय.

एकच शब्द घशात अडकला: विमायोग्य हित.
ज्याच्या जाण्यानं तुमचं नुकसान होतं
त्याचाच विमा तुम्हाला उतरवता येतो.
नवऱ्याचा चालतो. स्वतःचा चालतो.
शेजारणीचा चालत नाही.
सर, शेजारीण गेली तर नुकसान होत न्हाई व्हय?
सर म्हणाले, हे परीक्षेत येत नाही.

परीक्षा कॉम्प्युटरवर, पन्नास प्रश्न.
आयुष्यात माउस पहिल्यांदा धरला,
बाण भलतीकडंच पळायचा.
एकतीस बरोबर.
बारावीला दोनदा बसलेल्या बाईला
एकतीस म्हणजे काय ते मुगडे साहेबांना कळायचं नाही.
सासऱ्यांनी लायसन देव्हाऱ्यात ठेवलं,
त्यावरच्या फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेले,
आपलीच पूजा बघत बसल्यागत.

मिळवायला महिना पुरला.
राखायला साल जातं, दर साली.
बारा पॉलिसी. अकरा म्हणजे शून्य,
मुगडे साहेबांनी चहा ढवळत सांगितलं.

पहिल्या तीन घरातच संपल्या.
चौथी शौकत बागवानची, कपिलतीर्थात,
कोथिंबीर मोजता मोजता ओल्या हातानं सही केली,
शाई पसरली, ब्रँचनं फॉर्म परत धाडला.
सातवीला शिरोलीच्या फाउंड्रीच्या गेटवर
तीन शिफ्ट उभी राहिलो.
दिवाळीनंतर रंकाळ्यावर ओळखीची माणसं
मला बघून भेळेच्या गाडीकडं वळायला लागली,
भूक नसताना.

एकतीस मार्च. अकरा झालेल्या.
दुपारी कुंभार गल्लीत, वडणगेकरांच्या कारखान्यात,
भिंतीवर छातीएवढी पुराची रेघ,
तिच्याखाली गणपतीचे साचे पालथे.
वहिनींनी दोन कप आणले,
एकावर बशी झाकलेली:
हा ह्यांचा. बिनसाखरेचा.

फॉर्मात रकाना येतो. मधुमेह आहे काय?
वडणगेकर म्हणाले, नाही मारा की ताई,
तुमचं बी काम होतंय, माझं बी.
गोळी खातोय की मी.
बाहेर कुणीतरी माती मळत होतं, पायानं,
तो चपचप आवाज
आणि माझं पेन रकान्यावर.
सरांनी टेबलावर हात आपटून शिकवलं होतं,
परमोच्च सद्भाव.
तेव्हा सगळा वर्ग हसला होता, मी पण.

'आहे' लिहिलं.
ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही त्या शब्दात,
तरी हात कापला.

मग तपासणी आली, रिपोर्ट आला,
जादा हप्ता लागला, तारीख पडली नऊ एप्रिल.
पॉलिसी झाली. दुसऱ्याच्या कोडवर.
माझ्या नावापुढं अकरा राहिले.

लायसन देव्हाऱ्यातून काढलं, तर मागं
कुंकवाचा चौकोन.

हप्त्याच्या तारखेआधी चार दिवस
मी अजून कुंभार गल्लीत जातो.
कमिशन नाही, काय नाही.
वडणगेकर विचारतात, तुमचा काय संबंध आता ताई?
मी म्हणतो, चहा टाका.

जूनमध्ये परत राजारामपुरी, परत तिसरा मजला.
नवे सर, नांदेडचे. हजेरी घेत होते.
दारातनंच ओरडलो, आलो की ओ.
त्यांनी वर बघितलं
आणि नुसती टिक केली.