दुधाचं पोस्टर

कबुतर नको, सत्तारभाई म्हणाले.
मी तीन दिवस कबुतरच काढत होते.
चोचीत डहाळी, डहाळीला सात पानं,
सातवं जमत नव्हतं.
मांडवीवर शेकड्यांनी बसतात, म्हणाले,
दरवाजाची काय दशा केलीय बघा.
दूध कुठं मिळतं ते लिहा.

संचारबंदी दिवसातून दोन तास उठायची.
त्या दोन तासांत दांडिया बाजारची माणसं
फतेपुऱ्याकडे फिरकत नसत,
फतेपुऱ्याची इकडे.
आणि दूध मधेच उभं,
सूरसागरच्या पाळीवर,
हंसाबेन भरवाडांच्या टेम्पोत,
नासत.

मी कॉलेजात अक्षर शिकवते.
एकवीस वर्षं पोरांना सांगत आले
की मोकळी जागा हाही आकारच असतो.
त्या आठवड्यात मोकळी जागा म्हणजे
रावपुऱ्याचा अख्खा रस्ता
आणि त्यावर एकच चप्पल.

तर बसलो आम्ही, बारी लावून.
(आमच्या बडोद्याच्या मराठीत खिडकीला बारीच म्हणतात.)
मी, सत्तारभाई,
आणि शेवटच्या वर्षाची बेला पंचोली,
जिला खरं तर अत्तराच्या बाटलीचं खोकं करायचं होतं.

तीन लिप्या.
गुजरातीला डोक्यावर रेघ नाही,
ती मोकळ्या केसांनी हिंडते.
आमची मराठी दोरीवर वाळत घातलेली.
उर्दू उजवीकडून निघते,
सत्तारभाईंच्या हातून तर
घसरगुंडीवरून पोर सुटावं तशी.
बेलानं तिन्ही एकाखाली एक मांडल्या.
मग प्रश्न आला, वर कोण?
यात पाऊण तास गेला.
हसू नका.
शहर याहून लहान गोष्टीवरून पेटलं होतं.

शेवटी सत्तारभाईंनी कागदाच्या मधोमध
फोन नंबर लिहिला, वीतभर उंच,
फोनच्या डबड्यावर असतात त्याच आकड्यांत,
आणि तिन्ही लिप्या भोवती बसवल्या,
ताटाभोवती माणसं बसतात तशा.
आकडे आम्हीही डावीकडूनच वाचतो, बेन, ते म्हणाले.
मला माहीत नव्हतं.
एकवीस वर्षं अक्षर शिकवून.

लाल डबाभर होता, उघडलाच नाही.
निळा संपत आला तेव्हा
बेलाच्या आईनं कपड्यांची नीळ पाठवली.
शेवटची चाळीस पोस्टरं म्हणून फिकी आहेत,
आणि त्यांना धुतल्या चादरीचा वास होता.

कुठल्या संघटनेचं? नाक्यावर हवालदारानं विचारलं.
दुधाचं, बेला म्हणाली.
त्यानं काठीनं कोपरा उचलून पाहिला,
मागे काही लिहिलंय का,
मग पेन मागून नंबर तळहातावर उतरवून घेतला.

दोनशेतली निम्मी दुसऱ्या दिवशी नव्हती.
एकावरची उर्दू ब्लेडनं खरवडलेली.
एकावरची आमची.
वाडीतल्या एका भिंतीवर तर नंबरही नाही,
नुसती खळ, वाळलेली.
तरी हंसाबेनचा फोन वाजत राहिला.
चौथ्या दिवशी ती चिडून म्हणाली,
तुम्ही अक्षर जरा बारीक काढायला हवं होतं,
चष्मा नसलेल्या म्हाताऱ्याही फोन करतायत.
इतकं कौतुक माझं कुठल्या परीक्षकानं केलेलं नाही.

किती जणांपर्यंत दूध पोचलं, मोजलं नाही.
कुणाचं मन बदललं का, तेही विचारू नका.
दूध प्यायल्यावर माणसं काय बोलतात
हे पोस्टरला कळत नाही.

परवा दिल्लीहून कुणी आलं होतं,
शांततेच्या कलेवर प्रदर्शन भरवतायत.
मूळ प्रत मागत होते, काचेत लावायला.
मी कबुतर दाखवलं.
ते त्यांना आवडलंही.

मूळ प्रत नाही.
जाळी तर सत्तारभाईंनी महिन्याभरात धुतली,
तिच्यावर लग्नपत्रिका छापल्या, आधी कुणा वाघमाऱ्यांच्या,
मग स्वतःच्या भाचीच्या.
पण जाळी कितीही घासा, थोडं उरतंच.
दोन्ही पत्रिका माझ्याकडे आहेत.
उजेडात धरल्या, तर वराच्या नावामागे
पुसट निळा
एक सात दिसतो.